खळ वामकुक्षी घेत नाही
ठाण्यातल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना एका वॉलपेपरवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समस्त कमिटी मेंबर,
घोडबंदर रोड, कोलशेत, माजिवडा, वर्तकनगर आणि ठाण्यातल्या इतर सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

स.न.वि.वि.

मी वॉलपेपर लावतो. हे वाक्य मला गेटवर रोज एकदा तरी समजावून सांगावं लागतं. परवा कोलशेतला एका वॉचमनने ‘मोबाइलवर?’ असं विचारलं, आणि तो चेष्टा करत नव्हता. शेवटी रजिस्टरमध्ये ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात तो ‘पेंटर’ असं लिहितो, मी सही करतो, आणि माझ्या दिवसाचा घोळ तिथूनच सुरू होतो. कारण तुमच्या नोटीस बोर्डावर सुतार, टाइल्सवाला, प्लंबर, पेंटर आणि मी असे सगळे एका ओळीत बसलेले असतो : इंटिरिअरचं काम सकाळी १० ते २ आणि दुपारी ४ ते ६, रविवारी व सुट्टीच्या दिवशी पूर्ण बंद.

मी राहायला लोकमान्य नगरला. रंगाऱ्याच्या हाताखाली भिंतीला लांबी, म्हणजे पुट्टी, भरायला लागलो, तिथून कागदाकडे वळलो, त्याला आता १६ वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बेडरूमच्या भिंती मी तुमच्यापेक्षा जवळून पाहिल्या आहेत. म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतोय.

माझ्या पिशवीत काय असतं ते आधी सांगतो. ओळंबा, मोजपट्टी, कात्री, कटर आणि त्याच्या पात्यांची डबी, कागद बसवायची प्लॅस्टिकची पट्टी, जोडावर फिरवायचा छोटा रोलर, दोन बादल्या, स्पंज, ब्रश आणि खळीची पावडर. गणपतीच्या मखराला किंवा पतंगाला लावतो तशीच खळ, फक्त तयार पावडरीची, थंड पाण्यात ढवळून केलेली. ड्रिल नाही, हातोडी नाही, ग्राइंडर नाही. माझ्या कामातला सगळ्यात मोठा आवाज शिडी उघडताना होतो, आणि त्यानंतरचा माझ्या मोबाइलचा. तोही मी बंद ठेवतो.

तरीही दोन वाजले की बेल वाजते.

गेल्या वर्षीची गोष्ट. घोडबंदर रोडवरची सोसायटी, नाव लिहीत नाही. अठराव्या मजल्यावर पलंगामागची १२ फुटांची भिंत. कागद कोरियन रोलचा, म्हणजे १.०६ मीटर रुंद आणि १५.६ मीटर लांब. आपल्याकडच्या फ्लॅटच्या उंचीला अशा रोलमधून पाच पट्ट्या निघतात आणि त्या भिंतीला चार लागणार होत्या. एक पट्टी शिल्लक, म्हणजे आमच्या हिशेबात चैन. मी सव्वादहाला गेटवर होतो. सोसायटीच्या ॲपवर गेटपास आलेला नव्हता. मालकीणबाई ऑफिसच्या मीटिंगमध्ये, फोन लागेना. वर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. सर्व्हिस लिफ्टमध्ये कुणाचं तरी फर्निचर चाललं होतं, त्याचा उल्लेख करत नाही, ते कुणाच्याच हातात नसतं.

भिंत साफ केली, ओळंबा सोडून पेन्सिलीने उभी रेघ मारली. ही रेघ लागतेच, कारण बिल्डिंगचा एकही कोपरा काटकोनात नसतो, तुमच्या बिल्डिंगचाही नाही. कोपऱ्याच्या भरवशावर पहिली पट्टी लावली तर चौथीपर्यंत फुलं तिरकी चालायला लागतात. दोन पट्ट्या छान बसल्या. मग तिसरी आणि चौथी जमिनीवर अंथरून दोघींना खळ लावली आणि घडी घालून ठेवली. इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळी मेख या घडीत आहे.

कागदाच्या पाठीचा वॉलपेपर खळ लावल्यावर लगेच भिंतीवर चढवत नाहीत. दोन्ही टोकं आत दुमडून, खळीला खळ लावून, पाच-सात मिनिटं तसाच ठेवतात. तेवढ्यात कागद पाणी पितो आणि रुंदीला जरासा वाढतो. काही मिलिमीटरच, पण वाढतो. वाढून झालेला कागद भिंतीवर गेला की तिथे शांत बसतो. न वाढलेला लावला तर तो भिंतीवर जाऊन वाढतो आणि त्याचे फुगे येतात. म्हणून प्रत्येक पट्टीला सारखाच वेळ द्यायचा. पहिलीला सहा मिनिटं दिली तर शेवटचीलाही सहाच. हे चुकलं की शेजारच्या पट्टीवरचं अर्धं पान या पट्टीवरच्या अर्ध्या पानाला भेटत नाही.

दोनच्या ठोक्याला सुपरवायझर आला. म्हटलं, दहा मिनिटं द्या, या दोन चढवतो आणि उतरतो. तो म्हणाला, काल अशाच दहा मिनिटांसाठी मला मेमो मिळालाय. खोटं बोलत नव्हता बिचारा. मालकीणबाईंनी सेक्रेटरींना फोन केला, सेक्रेटरी जेवत होते. आम्ही खाली आलो.

चार वाजता वर गेलो तेव्हा त्या दोन पट्ट्यांच्या कडा वाळून कडक झाल्या होत्या आणि मधला भाग फुगून लिबलिबीत. घडी उलगडताना एका जागी वरचा छापील पापुद्राच निघून आला. दुसरी पट्टी वाचेल या आशेने चढवली, तर डिझाइन खालपर्यंत जुळेना. वर जुळवावं तर कमरेपाशी तुटे, कमरेपाशी जुळवावं तर वर. काढून टाकली. रोलमधली पाचवी पट्टी तिसरीच्या जागी गेली. चौथीसाठी दुसरा रोल आणावा लागला. त्या रोलचा लॉट नंबर वेगळा निघाला. लॉट वेगळा म्हणजे छपाईची खेप वेगळी, रंगात उन्नीस-बीस होणारच. दुकानात कळत नाही, पण भिंतीवर शेजारी लावलं आणि संध्याकाळचं ऊन आडवं आलं की कळतं. मी ती पट्टी खिडकीकडच्या टोकाला घेतली, पडद्याखाली झाकेल अशी. मालकीणबाई चांगल्या, काही बोलल्या नाहीत. पण त्यांना कळलं होतं आणि मलाही. रोलचे पैसे माझ्या मजुरीतून गेले.

यात माझीही चूक आहेच. घड्याळाकडे बघून एकाच पट्टीला खळ लावायला हवी होती. आता तसंच करतो. दीडनंतर बादलीत ब्रश बुडवत नाही. आणि सगळेच कागद असे नखरेल नसतात. नॉन-वोवन पाठीचे कागद वाढत नाहीत, त्यांच्यासाठी खळ थेट भिंतीला लावतात आणि कोरडा कागद वर चढवतात. पण ग्राहक कागद निवडतो तो डिझाइन बघून, तुमच्या नोटीस बोर्डाची वेळ बघून नव्हे.

तुमचा नियम मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. दुपारी म्हातारी माणसं पडलेली असतात, वरच्या मजल्यावर बारावीची मुलगी अभ्यासाला बसलेली असते, आणि तेवढ्यात कुणीतरी काँक्रीटमध्ये ड्रिल घुसवतो. ते मीही सोसलंय, माझ्याही घराशेजारी घर आहे. डेब्रिजची पोती जिन्यात टाकून पळणारे कारागीरही मी पाहिलेत. त्यांच्यासाठी २५ हजारांचं डिपॉझिट काय, ५० हजारांचं घ्या. माझं म्हणणं एवढंच, की हा नियम आवाजासाठी केलेला होता आणि लागू मात्र माणसांवर झाला. कागद लावणारा, पडदे शिवून आणणारा, पॉलिशवाला हे तुमच्या झोपेच्या आड कुठे येतात? उलट आमचं काम तुकड्यातुकड्यांत झालं की जे एका दिवसात आटपायचं त्याला दोन दिवस जातात, आणि तुमच्याच मेंबरला आणखी एक दिवस सुट्टी टाकावी लागते.

रविवारचंही तेच. नवरा-बायको दोघं नोकरीला, घरात माणूस असतो तो रविवारीच. मग आम्हाला चावी ठेवून जा म्हणतात. परक्या माणसाच्या घरात, कपाटं उघडी असताना, एकट्याने काम करायला मला आवडत नाही. काही हरवलं तर पहिला विचार कुणाचा येतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता खजिनदार साहेबांसाठी एक वेगळा परिच्छेद. हे एकाच खजिनदारांबद्दल आहे, बाकीच्यांनी मनावर घेऊ नये. त्यांच्या सोसायटीच्या ऑफिसात मीटिंगच्या खुर्चीमागची भिंत करायची होती. १२ फूट बाय ९ फूट. कागद साध्या मापाच्या रोलचा, ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब. एका रोलमध्ये साधारण ५७ चौरस फूट. मी तीन रोल लावले, बिल दिलं. साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला. भिंत १०८ चौरस फुटांची, तीन रोलचे १७१. ‘उरलेले ६३ फूट कुठे गेले?’ असं सगळ्या कमिटीसमोर विचारलं. म्हणजे काय, ते सगळ्यांना समजलं.

साहेब, कागद फुटावर लागत नाही, पट्टीवर लागतो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. त्याला ५३ सेंटिमीटरने भागा, सहा पूर्ण पट्ट्या आणि सातवी थोडी कापून. सहावर भागत नाही. आता एका रोलमधून किती पट्ट्या? भिंतीची उंची पावणेतीन मीटर, पण डिझाइन दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा येतं. सगळ्या पट्ट्यांवर डिझाइनमधला पोपट एकाच उंचीवर बसायचा तर प्रत्येक पट्टी पाच रिपीटची, म्हणजे ३.२० मीटरची कापावी लागते. अशा तीनच निघतात, खाली हातभर तुकडा उरतो. दोन रोलच्या सहा पट्ट्या होतात आणि भिंतीला हव्या सात. त्या सातव्या पट्टीसाठी तिसरा रोल. त्यातल्या उरलेल्या दोन अख्ख्या पट्ट्या मी गुंडाळून, रबर लावून तुमच्याच कपाटावर ठेवल्या होत्या, पुढेमागे कुणाची खुर्ची भिंतीला घासली तर दुरुस्तीला उपयोगी पडाव्यात म्हणून. त्या अजून तिथेच असतील. बिल अडीच महिन्यांनी मिळालं, ते जाऊ दे.

खरं दुखणं पुढे आहे.

आपल्याकडे गणपतीच्या आधी घर लावायची घाई असते. मखरामागे भिंत नवी हवी. मला सगळ्यात जास्त फोन श्रावणात येतात. आणि भिंती सगळ्यात ओल्या असतात त्याही तेव्हाच. जूनपासून नैऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना झोडपत असतो. बाहेरच्या प्लास्टरला केसाएवढी भेग असली तरी पाणी आत येतं आणि गौरी-गणपतीपर्यंत वीट तुडुंब भरलेली असते. वरून रंग कोरडा दिसतो. मी तळहाताची मागची बाजू भिंतीला लावून बघतो, नखाने लांबी खरवडून बघतो, मग ओल मोजायचं मीटर टेकवतो. खिडकीखालची जागा, डक्टकडची भिंत आणि बाथरूमच्या पाठची भिंत या तीन ठिकाणी मीटर हमखास ओरडतं. (आवाज म्हणाल तर हा एक होतो.)

अशा भिंतीवर विनाइलचा, म्हणजे वरून प्लॅस्टिकचा थर असलेला, कागद लावणं म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट चढवणं. आतलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. महिनाभराने जोड उघडतात, मग पिवळट डाग येतात, आणि कागद सोलला तर मागे काळी बुरशी, हात लावला की बोटाला लागणारी. मी नाही म्हणून सांगतो. ऑक्टोबर हीटमध्ये भिंत वाळू द्या, दिवाळीला लावू म्हणतो. दहातले चार जण ऐकतात. बाकीच्यांना दुसरा कुणीतरी लावून देतो.

एकदा मीही मोहात पडलो. जुना ग्राहक, घरात मुलीचा साखरपुडा, मीटर काठावर दाखवत होतं. लावला. पुढच्या पावसात कोपऱ्यातून सुटला. त्यांनी कमिटीला पत्र दिलं की बाहेरून पाणी येतंय. कमिटीने बाहेर बघायला माणूस पाठवला नाही. उत्तर आलं की ही फ्लॅटच्या आतली बाब आहे, निकृष्ट कामामुळे झाली, आणि सदर वॉलपेपरवाल्यास यापुढे आवारात प्रवेश देऊ नये. माझा फोटो गेटवर लागला. नंतर त्याच भिंतीला बाहेरून, दोन मजले वर, ड्रेनेजच्या पाइपच्या खोबणीत पिंपळ उगवलेला दिसला. खालून, पार्किंगमधून मान वर केली की दिसायचा, म्हणजे रोज गाडी काढताना सगळ्यांना दिसत असणार. पिंपळ काढला, भेग भरली, भिंत वाळली. फोटो मात्र राहिला.

तुम्ही कायद्याची पुस्तकं माझ्यापेक्षा जास्त चाळता. पण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये पावसाच्या पाण्याने होणारी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे होणारी गळती संस्थेने संस्थेच्या खर्चाने दुरुस्त करायची असं लिहिलेलं आहे. १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीचं तीन वर्षांतून एकदा, हेही त्यातच आहे. वर्तकनगर, नौपाड्याकडच्या जुन्या इमारतींत काम करताना मी हल्ली आधी विचारतो, शेवटचं ऑडिट कधी झालं? बहुतेक वेळा उत्तराऐवजी चहा येतो.

तुम्हाला मी फुकटात एक गोष्ट देऊ शकतो. एखाद्या फ्लॅटमध्ये माझं मीटर ओरडलं तर कोणती भिंत, जमिनीपासून किती उंचीवर, किती आकडा, हे मी कागदावर लिहून मेंबरला देतो. तो कागद फाइलला लावून मे महिन्यात बाहेरून ती जागा बघायला माणूस झुल्यावर सोडा. पावसात सोडून उपयोग नाही.

पाणी आणि संडास याबद्दल थोडक्यातच लिहितो, लिहायलाही लाज वाटते. जोडावर आलेली खळ लगेच स्वच्छ पाण्याच्या स्पंजने पुसली नाही तर तिथे चकाकणारा पट्टा उरतो आणि तो जन्मभर दिसतो. दर दोन पट्ट्यांनी बादली बदलावी लागते. काही ठिकाणी कारागिरांनी पाणी बागेच्या नळावरूनच भरायचं असा नियम आहे. तिथे बोअरचं पाणी. गडद निळ्या कागदावर ते वाळलं की पांढरे ओघळ उमटतात. तळमजल्यावरून अठराव्यावर आमच्याबरोबर बादली जाते ती वेगळीच. आणि संडाससाठी आवाराबाहेर जा म्हणतात. बाहेर म्हणजे कुठे? घोडबंदर रोडवर? माझी बायको कधी कधी मॅचिंग बघायला बरोबर येते, तिचा डोळा माझ्यापेक्षा चांगला आहे. अशा सोसायटीत मी तिला नेत नाही.

वर्तकनगरला एक जुनी सोसायटी आहे, चार मजली, लिफ्ट नाही. तिथल्या सेक्रेटरी एक निवृत्त बाई आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला बसवलं आणि एकच विचारलं, ‘आवाज किती होईल?’ मी म्हटलं, शिडीचा. त्या वर आल्या, एक पट्टी चढेपर्यंत दारात उभ्या राहिल्या, घडी का घातली तेवढं विचारलं आणि गेल्या. पुढच्या वेळी गेलो तर त्यांच्या परवानगीच्या फॉर्मवर पेनाने एक रकाना वाढवलेला : आवाजाचे काम, बिनआवाजाचे काम. दुसऱ्यावर खूण केली की दुपारचं बंधन नाही, रविवारी ११ ते ५ मुभा, वॉचमनच्या खोलीशेजारचं संडास खुलं. फॉर्मची झेरॉक्स मी त्यांना विचारून घेतली आहे. कुणाला हवी असेल तर गेटवर ठेवून जाईन.

आणि तो गेटवरचा फोटो. ती कमिटी हे वाचत असेल तर तेवढा उतरवावा ही विनंती. काम द्या म्हणत नाही. माझा मेहुणा तुमच्याच बिल्डिंगमध्ये कुरिअर घेऊन येतो, त्याला रोज दिसतो.

येत्या सोमवारी मी कासारवडवलीला आहे. आठवा मजला, पूर्वेची भिंत, मीटर गप्प आहे. तीन रोल, सात पट्ट्या, कागदी पाठीचा कागद. साडेनऊला गेटवर येईन, पास वेळेत मिळाला तर पावणेदोनला शेवटची पट्टी चढलेली असेल. नाही मिळाला तर तीन लावून उतरेन, उरलेल्या चार मंगळवारी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वॉलपेपरवाला
लोकमान्य नगर, ठाणे